हीथ्रो ते लंडन: पंधरा मिनिटांचे तीन हजार

हीथ्रो विमानतळावर बॅगा घेऊन बाहेर पडलं की हीथ्रो एक्सप्रेस या रेल्वेच्या पाट्या दिसू लागतात. लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन १५ मिनिटांत! ऐनवेळी काढलेलं तिकीट २५ पौंड, म्हणजे माणशी तीन हजारांच्या घरात. (सगळे दर २०२५चे.) आईने तिथल्या तिथे हिशोब मांडला, "अरे, एवढ्यात आपण दोघं शिवनेरीने दादरहून पुण्याला जाऊन येऊ, वर थाळी जेवू."

गंमत म्हणजे त्याच फलाटावर एलिझाबेथ लाइन ही दुसरी रेल्वेही येते. मार्ग तोच, पॅडिंग्टनही तेच. मधली स्टेशनं घेत अर्ध्या तासात पोचवते आणि १३.९० पौंड घेते. तेही महागच. हीच गाडी एकच स्टेशन पुढच्या हेज अँड हार्लिंग्टनहून धरली, तर भाडं निम्म्याहून खाली येतं. कारण मुख्य मार्गापासून विमानतळापर्यंतचा फाटा विमानतळाच्याच मालकीचा, तो वापरायचे पैसे पडतात. शिवाय दमलेला प्रवासी घासाघीस करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आम्हाला जायचं होतं रसेल स्क्वेअरला. पॅडिंग्टनला उतरलो असतो तर पुढे पुन्हा ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, पैसे आणि जिने. मग विमानतळावरूनच सरळ ट्यूबची पिकॅडिली लाइन घेतली. ५.८० पौंड, गाडी बदलायची नाही. शहराच्या मध्यभागापर्यंत दिवसभर हाच दर. गर्दी नसताना मिळणारी सवलत २०२२पासून बंद आहे. डबा बुटका, छप्पर गोलाकार, एसी नाही. बॅग गुडघ्यांत दाबून धरली, तरी प्रत्येक ब्रेकला ती समोरच्या गृहस्थांच्या बुटांवर जायची आणि दरवेळी 'सॉरी' तेच म्हणायचे! हाउन्सलोनंतर गाडी उघड्यावर आली, तशी आई खिडकीला चिकटली. घरांची मागची अंगणं, वाळत घातलेले कपडे. हॅमरस्मिथपासून मात्र उभं राहायलाही जागा उरली नाही.

परतताना आईचे गुडघे बोलू लागले होते, म्हणून टॉटनहॅम कोर्ट रोडहून लिफ्टने उतरून एलिझाबेथ लाइन पकडली. त्या दिवशी १३.९० वसूल झाले. एक्सप्रेस दीड-दोन महिने आधी बुक केली तर १० पौंडांतही मिळते आणि १५ वर्षांपर्यंतची मुलं फुकट, त्यामुळे पॅडिंग्टनजवळ उतरणाऱ्या कुटुंबाने ती जरूर बघावी. ऐनवेळी २५ पौंड मात्र कंपनी देत असेल तरच.

आपल्या मुंबईत भुयारी मेट्रो ३चं सर्वांत जास्त भाडं ७० रुपये आहे, आणि ती विमानतळाच्या टी-२लाही थांबते. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग येताना टॅक्सी कशाला केलीस?"