नदीतला ऑक्सिजन पहाटे मोजा

गोदावरीच्या पाण्याचा नमुना भर दुपारी घेतला, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला येतोच. माशांचं जगणं-मरणं मात्र पहाटेच्या आकड्यावर ठरतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाण्यातले जिवाणू तो संपवतात. नाशिकच्या खालच्या अंगाला एखाद्या संथ, हिरव्या डोहात दुपारी लिटरला १० मिलिग्रॅम दिसलेलं पाणी उजाडताना २ वर येऊ शकतं.

हिमालयातल्या नद्यांचं बरं असतं. १० अंशांच्या पाण्यात ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, म्हणून तिथला असेला मासा तोऱ्यात राहतो. ३० अंशांना मावतो ७.६, आणि आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून ७ च धरा; दुपारी शेवाळाने त्यावर चढवलेला जादा ऑक्सिजन टिकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यजीवनासाठी किमान ४ सांगितलेत. उन्हाळ्यात हाताशी उरतात ते फक्त ३.

मोजायला विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं घालून विरघळलेला ऑक्सिजन मोजणं, पुरते. ३०० मिलिची, काचेच्या बुचाची बीओडी बाटली (ऑक्सिजन-चाचणीची खास बाटली) पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरा आणि बूच पाण्यातच लावा. बादलीतून ओतलंत तर हवा मिसळते नि आकडा फुगतो. काठावरच, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून, २ मिलि मँगनीज सल्फेट आणि २ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. अझाइड वगळू नका; सांडपाण्यातलं नायट्राइट आयोडीन मोकळं करतं आणि नसलेला ऑक्सिजन दिसू लागतो. बाटली उलटसुलट करा. साका (रसायनांमुळे तयार होऊन खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर त्या पाण्यात काहीच उरलेलं नाही. साका खाली बसला की हातमोजे घालून २ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, साका विरघळेल.

त्यातलं २०३ मिलि पाणी घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचनळीतून) त्यात थेंबथेंब सोडा. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातलात तर आयोडीन त्याला धरून बसतं आणि निळा रंग वेळेवर जात नाही. निळा गेला की थांबा. जितके मिलि थायोसल्फेट लागलं तितके लिटरला मिलिग्रॅम ऑक्सिजन.

सोबत मासेही नोंदवा, पण नीट पारखून. मरळ आणि मांगूर वर येऊन हवेतला श्वास घेतात, चिलापी कशाही पाण्यात तगते. ते दिसले म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या बघा. त्याला वाहतं, ऑक्सिजनभरलं पाणी लागतं, आणि खडकावर गाळाचा थर बसला की त्याचं खाणंच जातं.

पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मात्र दुपारी घ्या. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तसा पीएच चढतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला सांडपाण्यातल्या एकूण अमोनियातला जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो, तर ९ ला चाळीस टक्क्यांहून जास्त. सकाळच्या ऑक्सिजनमधून तगलेला मासा दुपारी मरतो तो यामुळे.