तुम्ही विचारलंत म्हणून : स्मरणिकेसाठी १९८३ साल कसं लिहायचं?

दहावी १९८३ च्या बॅचेसचे मेळावे भरू लागले की हा प्रश्न हमखास येतो. स्मरणिकेत 'त्या साली देशात' असं दोन पानी सदर घालायचंय. कपिल देवचा वर्ल्ड कप सोडून त्यात काय लिहू, आणि लिहू कसं? कुणाच्या चाळिशीला, कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाला हाच प्रश्न वेगळ्या सालाचा असतो. पण १९८३ बद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, शिवाय चुकाही याच सालात सर्वांत जास्त सापडतात, म्हणून तेच उदाहरणाला घेऊ.

सुरुवात वहीपासून. फोटो धरून दोन पानांत साडेसातशे-आठशे शब्द बसतात, म्हणजे वीस-बावीस नोंदी. तेवढ्या चांगल्या निघायच्या तर साठेक गोळा कराव्या लागतात. रकाने चार आखा: तारीख, वार, काय झालं, आणि चौथा, ही तारीख कशाची. घडल्याची, जाहीर झाल्याची, प्रदान झाल्याची की लागू झाल्याची? हा चौथा रकाना बहुतेक जण आखत नाहीत आणि निम्म्याहून जास्त घोटाळे तिथेच होतात.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं ऑस्कर घ्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'गांधी' चित्रपट १९८२ चा, पुरस्कारही १९८२ सालासाठीचा, समारंभ मात्र ११ एप्रिल १९८३ ला लॉस एंजेलिसमध्ये. तिथली रात्र म्हणजे आपली १२ ची सकाळ. आता ही नोंद कुठे घालायची? १९८३ त, 'प्रदान' असं चौथ्या रकान्यात लिहून. दुर्गा खोटे यांच्या फाळके पुरस्काराचं उलटं आहे. तो १९८३ सालचा, पण राष्ट्रीय पुरस्कार पुढच्या वर्षी दिले जातात. विनोबांना भारतरत्न १९८३ चं, ते मरणोत्तर. विनोबा गेले नोव्हेंबर १९८२ मध्ये. 'विनोबांचं निधन, १९८३' असं जे छापून येतं ते यामुळेच.

वाराचा रकाना म्हणजे फुकटातला तपासनीस. १ जानेवारी १९८३ ला शनिवार होता, त्यावरून कुठलाही वार काढता येतो. 'शाळेतून आल्यावर फायनल ऐकली' असं कुणी लिहून दिलं तर थोडं थांबा: २५ जून हा शनिवार, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सकाळची शाळा. आठवण खरी असू शकते, पण विचारून घ्या.

त्या २५ जूनकडे जरा नीट बघा, कारण सगळं साल लोकांनी त्या एका रात्रीत कोंबलं आहे. लॉर्ड्सवर भारत ५४.४ षटकांत १८३, वेस्ट इंडिज ५२ षटकांत १४०, विजय ४३ धावांनी. सामने साठ षटकांचे होते. पन्नास समजून लिहिलं की ५४.४ हा आकडाच चुकीचा वाटतो आणि कुणीतरी तो 'दुरुस्त' करतं. श्रीकांतच्या ३८ धावा दोन्ही डावांत मिळून सर्वांत जास्त. मोहिंदर अमरनाथच्या २६ धावा आणि १२ धावांत तीन बळी, सामनावीर तोच. लंडन तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे शेवटचा गडी बाद झाला तेव्हा इथे मध्यरात्र व्हायला आली होती. वेस्ट इंडिजला भारतानं साखळीतही हरवलं होतं. पावसामुळे तो सामना ९ आणि १० जून असा दोन दिवस चालला, म्हणून दोन पुस्तकांत दोन तारखा दिसतात. दोन्ही बरोबर आहेत.

आता त्याच शनिवारची दुसरी नोंद. जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर ६ जानेवारीला कन्याकुमारीहून पायी निघाले होते. चार हजार किलोमीटरांहून जास्त चालून ते दिल्लीला राजघाटावर पोचले तो दिवस २५ जून १९८३. आणीबाणीच्या स्मृतिदिनी ही यात्रा संपली आणि त्याच रात्री देश क्रिकेटमध्ये बुडाला. २६ जूनचा अंक वाचनालयात काढून बघितलात तर चंद्रशेखरांची बातमी शोधावी लागेल. त्यातही जिल्ह्यांना जाणारी डाक आवृत्ती लवकर छापली जाते. तुमच्या नगर वाचनालयात तीच बांधून ठेवलेली असेल तर त्यात फायनलचा निकालच नसायचा. म्हणून नियम असा की घटनेनंतरचे दोन दिवसांचे अंक बघायचे, एकाच अंकावर विसंबायचं नाही.

'आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं' हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं. १९८३ च्या जूनमध्ये दूरदर्शन मोठ्या शहरांपुरतं होतं. इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला ३० ऑगस्टला, चॅलेंजर यानातून, आणि गावोगावचे लहान प्रक्षेपक झपाट्यानं उभे राहिले ते १९८४ मध्ये. तुमची शाळा तालुक्याच्या गावी असेल तर बहुतेकांनी ती मॅच रेडिओवर ऐकलेली आहे. नंतरच्या चाळीस वर्षांत चित्रफिती बघून बघून ऐकलेलं पाहिलेलं झालं. दिल्लीचं एशियाड, रंगीत टीव्ही आणि अमिताभचा 'कुली'च्या सेटवरचा अपघात हेही असेच घरंगळत १९८३ मध्ये येतात. तिन्ही १९८२ चे. 'कुली' प्रदर्शित मात्र डिसेंबर १९८३ मध्ये झाला.

खेळाच्या नोंदी कपावर संपवू नका. क्रिकेट मंडळाकडे विजेत्यांना द्यायला पैसे नव्हते. मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे; त्यांच्या वेळी लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्या पैशातून खेळाडूंना एकेक लाख रुपये मिळाले. ही नोंद खेळात घालायची की संगीतात? मी संगीतात घालेन, तिथे माल कमी आहे. पुढे हिवाळ्यात तोच वेस्ट इंडिज संघ भारतात आला आणि कसोटी मालिका ३-० नं, एकदिवसीय मालिका ५-० नं घेऊन गेला. अहमदाबादला कपिलचे एका डावात ८३ धावांत नऊ बळी, तरी भारत हरला. दिल्लीत गावसकरनं ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली आणि डिसेंबरअखेर मद्रासला चौथ्या क्रमांकावर येऊन नाबाद २३६ धावांचं तिसावं शतक काढलं. हा विक्रम पुष्कळ ठिकाणी गळतो, आणि त्याचं कारण साधं आहे. वर्षाचे आढावे डिसेंबरच्या मध्यावरच तयार होतात. त्यामुळे शेवटचा पंधरवडा नेहमी स्वतः चाळा. १४ डिसेंबरला बाहेर पडलेली पहिली मारुती ८०० त्याच्या जेमतेम आधीची, तीही अशीच गळते. तिची किंमत देणार असाल तर कारखान्याची की कर धरून, तेही लिहा. दोन आकडे फिरतात ते त्यामुळेच.

संगीतात ३० जुलैला पुण्यात वसंतराव देशपांडे गेले, एवढी एकच नोंद मोठ्या टाइपात टाकली तरी पुरे. सिनेमाच्या गाण्यांची यादी शक्यतो टाळाच. रेकॉर्ड तेव्हा चित्रपटाच्या आधी काही महिने यायची, त्यामुळे प्रत्येक गाण्याला दोन वर्षं असतात आणि वाद न संपणारे असतात.

साहित्याचं काम या साली सोपं आहे: अंबाजोगाईच्या संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर आणि मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांच्याच 'सत्तांतर'ला. एका ओळीत दोन्ही बसतं.

राजकारणातला बराच ऐवज पहिल्या सात आठवड्यांतला आहे. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी ९ जानेवारीला शपथ घेतली, कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांनी १० ला. दोन्ही राज्यांत पहिल्यांदाच बिगरकाँग्रेसी सरकार. महाराष्ट्रात बाबासाहेब भोसले जाऊन २ फेब्रुवारीला वसंतदादा आले. मग आसामची निवडणूक आणि १८ फेब्रुवारीचं तिथलं नेल्लीचं हत्याकांड. इथे आकडा लिहिताना 'सरकारी आकडा सुमारे अठराशे, अनधिकृत अंदाज त्याहून बरेच जास्त' असं लिहावं. नुसता एकच आकडा लिहिणं म्हणजे एक बाजू घेणं. पंजाबात २५ एप्रिलला सुवर्णमंदिराच्या पायऱ्यांवर पोलीस उपमहानिरीक्षक अटवाल यांची हत्या झाली आणि ऑक्टोबरात राष्ट्रपती राजवट आली. मार्चमधली अलिप्त राष्ट्रांची परिषद आणि नोव्हेंबरातली राष्ट्रकुल परिषद दोन्ही दिल्लीत. राष्ट्रकुलाचे नेते मध्ये विसाव्याला गोव्यात गेले. हे लिहिताना 'गोवा राज्य' म्हणू नका, ते १९८७ चं. तसंच मद्रास, मराठवाडा विद्यापीठ, अमरावती विद्यापीठ (स्थापना १ मे १९८३, गाडगेबाबांचं नाव नंतरचं) ही नावं त्या सालातलीच ठेवा.

बहुतेक स्मरणिकांत जिचा पत्ताच नसतो अशी एक नोंद २५ डिसेंबरची आहे. त्या रविवारी फौजदारी कायद्यातल्या दोन दुरुस्त्या लागू झाल्या. एकीनं सासरच्या छळासाठी ४९८-अ कलम आणलं. दुसरीनं बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीत, कैदेत किंवा इस्पितळात अधिकाऱ्यानं केलेल्या अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीनं 'संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयानं ते गृहीत धरावं, अशी तरतूद आली. हिचं मूळ १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात, मथुरा नावाच्या मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याच्या प्रकरणात. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि कायदा बदलायला १९८३ चा नाताळ उजाडला. चौथ्या रकान्यात 'लागू' लिहा. तुमच्या बॅचमधल्या मुलींच्या पुढच्या आयुष्याला वर्ल्ड कपपेक्षा या नोंदीनं जास्त हात लावला असेल. तिला चार ओळी द्या, हव्या तर गावसकरच्या दोन कापा.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं भौतिकशास्त्राचं नोबेलही याच सालचं. जन्म लाहोरचा, शिक्षण मद्रासचं, नागरिकत्व अमेरिकेचं. 'भारतीयाला नोबेल' असं न लिहिता 'भारतात जन्मलेल्या' लिहिलं की भागतं.

राहिला मुंबईतला गिरणी संप. तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणून १९८३ च्या याद्यांतून आपोआप वगळला जातो. वास्तविक १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्या तारखेला तो धरता येतो. लालबाग-परळकडची किंवा कोकणातली, साताऱ्याकडची शाळा असेल तर बॅचमधल्या काही मुलांनी दहावीनंतर शिक्षण का सोडलं, ते इथे सापडेल. या नोंदीला संपल्याची तारीख शोधत बसू नका. दत्ता सामंतांनी तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, तेव्हा तो रकाना रिकामा सोडा आणि छापणाऱ्यालाही सांगून ठेवा की ती चूक नाही.