ब्रिस्बेनची वटवाघळं आणि हेंड्राचा विषाणू

ब्रिस्बेनला दिवेलागणीला नदीकाठी उभं राहिलं की डोक्यावरून वटवाघळांचे थवेच्या थवे जातात. पंख पसरले की मीटरभर भरतील अशी ही टेरोपस जातकुळीतली मोठी वटवाघळं. फळं खातात, पण खरा जीव निलगिरीच्या फुलोऱ्यावर. एका रात्रीत कित्येक किलोमीटर हिंडताना परागकण पसरवतात, त्यामुळे इथल्या जंगलांना ती हवीच असतात. वसाहतीखालून जाताना वास मात्र असा येतो की कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

हेंड्रा हे याच शहरातलं उपनगर, शर्यतीच्या घोड्यांचं. १९९४ साली तिथल्या एका तबेल्यात घोडे पटापट मेले आणि त्यांचे प्रशिक्षक विक रेल हेही दगावले. तेव्हा सापडलेल्या नव्या विषाणूला उपनगराचंच नाव मिळालं. वटवाघळांना त्याचा काही त्रास होत नाही. त्यांच्या मूत्रातून तो झाडाखालच्या गवतावर पडतो, घोडा ते गवत खातो आणि आजारी घोड्याची सेवा करणाऱ्याला लागण होते. माणसांत आजवर फक्त ७ जणांना झाला, पण त्यातले ४ गेले. सातही जणांना तो घोड्यांकडूनच आला, वटवाघळाकडून थेट एकालाही नाही. मलेशियात आणि केरळात थैमान घालणारा निपाह याचाच भाऊबंद.

मला सर्वांत पटलेली गोष्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातली. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की हिवाळ्यात फुलणारी जंगलं तुटली तशी वटवाघळं उपाशी पडून शहरांत, शेतांत शिरली आणि उपासमारीच्या काळातच विषाणू घोड्यांपर्यंत पोहोचला. ज्या हिवाळ्यात जंगल भरभरून फुललं, तेव्हा तो पोहोचला नाही. म्हणजे ‘मारा, हाकला’ म्हणणाऱ्यांचा उपाय चुकीच्या टोकाला धरलेला आहे.

इथे ती कायद्यानं संरक्षित आहेत. जखमी वटवाघूळ दिसलं तर हात लावायचा नाही, कारण रेबीजच्या जवळचा लिसाव्हायरस चाव्यातून, ओरखड्यातून थेट माणसात येतो. रेबीजची लस घेतलेल्या, प्रशिक्षित स्वयंसेवकांना फोन करायचा. चुकून ओरखडा उठलाच तर जखम साबणपाण्यानं निदान पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. घोडेवाले चारा-पाणी झाडाखाली न ठेवता छपराखाली ठेवतात. घोड्यांसाठी २०१२ पासून लसही मिळते, पण ती सक्तीची नाही.