गॅस्केट मिळालं!

एस्प्रेसो कॉफी मशीनच्या ग्रुप हेडमधून (कॉफीचं हँडल जिथे अडकवतात तो भाग) पाणी झिरपत होतं. आतलं रबरी गॅस्केट उष्णतेने इतकं कडक झालेलं, की उचकटताना त्याचे तुकडेच पडले. विक्रेता म्हणाला, अख्खा ग्रुप बदला. का म्हणून? आज मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलो. दुकानातल्या काकांनी तुकड्याची जाडी मोजायला व्हर्नियर लावला. "साडेआठ एमएम. आठचं नेलंत तर हँडल जास्त फिरेल." सिलिकॉनचं दिलं, चपखल बसलं!

१९६१च्या फाएमा ई६१ या एस्प्रेसो मशीनच्या ग्रुपची रचना आजही कितीतरी कंपन्या वापरतात, म्हणून माप जुळलं की दुसऱ्या ब्रँडचा पार्टही चालतो. ग्राइंडरच्या बर्सचं (कॉफीच्या बिया दळणाऱ्या दातेरी चकत्यांचं) तसं नाही. ६४ एमएमच्या असल्या तरी स्क्रूची भोकं जुळायला हवीत. त्या अजून शोधतोय. कुणाला ठाऊक असेल तर सांगा ना.