यीस्टला बुरशीनाशकाच्या मापाने मोजू नये

लिंबूवर्गीय फळे काढणीनंतर ज्या हिरव्या बुरशीने सडतात, ती पेनिसिलियम डिजिटॅटम धडधाकट सालीतून सहसा आत शिरू शकत नाही. काढणीत, वाहतुकीत किंवा पॅकहाऊसमध्ये सालीला पडलेल्या बारीक जखमेतून पाझरणारा रस मिळाला, की मगच तिचे बीजाणू रुजतात. याच जखमेत यीस्ट आधी पोहोचवायचे, ही जैविक नियंत्रणाची मूळ कल्पना आहे. (पाव फुगवणारे यीस्ट येथे अभिप्रेत नाही, फळांच्या सालीवर मुळातच वस्ती करणाऱ्या प्रजाती निवडल्या जातात.) यीस्ट झपाट्याने वाढून तेथील साखर आणि जागा व्यापते, आणि बीजाणूंना रुजण्यापुरतेही अन्न उरत नाही. काही प्रजाती याहून पुढे जातात: मेट्श्निकोविया पल्चेरिमा ही पल्चेरिमिन या लाल रंगद्रव्यात लोह अडकवून बुरशीला त्यापासून वंचित ठेवते, तर काही यीस्ट बुरशीच्या तंतूंना चिकटून त्यांची भित्तिका विरघळवणारी विकरे सोडतात.

अमेरिकेत 1995 साली नोंदणी झालेले 'अस्पायर' हे कॅन्डिडा ओलिओफिला या यीस्टचे उत्पादन या क्षेत्रातील पहिल्या व्यापारी उत्पादनांपैकी एक होते. त्यामागे अमेरिकी कृषी खात्याचे आणि इस्रायलमधील व्होल्कानी केंद्राचे संशोधन होते. तरीही ते बाजारात टिकले नाही. माझ्या मते यात यीस्टच्या दुबळेपणापेक्षा अपेक्षांचा दोष अधिक होता. इमाझालिलसारखे रासायनिक बुरशीनाशक जखमेत नुकत्याच शिरलेल्या बुरशीलाही रोखते. यीस्ट हे प्रामुख्याने प्रतिबंधक असल्यामुळे, जखम आणि प्रक्रिया यांत जितका उशीर होतो तितका त्याचा परिणाम घटतो. शिवाय ते सजीव असल्याने त्याची साठवण आणि तापमान सांभाळणे हे वेगळेच काम होऊन बसते. थायाबेंडाझोल या रासायनिक बुरशीनाशकाच्या कमी मात्रेबरोबर वापरल्यावर 'अस्पायर'चा परिणाम नेहमीच्या रासायनिक प्रक्रियेच्या तोडीचा दिसला होता, आणि रसायनांना न जुमानणारे पेनिसिलियमचे वाण पॅकहाऊसमध्ये आढळत असताना ही जोडी मला अधिक व्यवहार्य वाटते.

आपल्याकडे नागपुरी संत्र्याच्या हिरव्या बुरशीला हे तर्कशास्त्र सरळ लागू पडते. हापूसवरील करपा या बुरशीजन्य रोगाचे मात्र तसे नाही: त्याचा संसर्ग बागेतच कोवळ्या फळात होतो आणि फळ पिकेपर्यंत सुप्त राहतो, त्यामुळे काढणीनंतर जखमा व्यापणारे यीस्ट तेथे फार उशिरा पोहोचते. त्यासाठी मोहोरापासूनची फवारणी आणि काढणीनंतर साधारण 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळे काही मिनिटे बुडवणे, हेच उपाय सध्या अधिक भरवशाचे आहेत.