जॉन लँग, नोंद ९ : राणीचा आवाज

मंडळी, सुटलं! जॉन लँगच्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या इंग्रजी पुस्तकाचा मी मराठी अनुवाद करतेय, त्यातलं चार महिने अडलेलं वाक्य परवा रात्री सुटलं, म्हणून ही नोंद घाईघाईनं लिहितेय. झाशीचं प्रकरण दिवाळीपर्यंत हातावेगळं करते असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ते झालं नाही, कारण बाकी सगळं होऊन एका ओळीपाशी गाडी रुतली होती.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. १८५४ साल, झाशी खालसा झाल्याचा हुकूम निघालेला, आणि राणीनं सोनेरी कागदावर फारसीत पत्र पाठवून या सिडनीकडच्या वकिलाला बोलावून घेतलेलं. रात्रीची भेट, मध्ये पडदा. दत्तक मुलगा एकाएकी तो पडदा बाजूला सारतो आणि लँगला राणी दिसते. हे चुकून घडलं की राणीच्या मनातच तसं होतं, ते मला कधी कळलं नाही, असं तो प्रामाणिकपणे लिहितो. मग वर्णन : मध्यम बांधा, चेहऱ्यावर बुद्धीचं तेज, डोळे विशेष सुंदर, अंगावर साधी पांढरी मलमल, दागिने म्हणाल तर फक्त कानात सोनं. इथपर्यंत माझा खर्डा सरसर उतरला. आणि लगेच पुढे तो म्हणतो की या सगळ्याला उणेपणा आणला तो तिच्या आवाजानं. तो आवाज ‘व्हाइन’ (किरकिरा सूर) आणि ‘क्रोक’ (बेडकासारखा घोगरा आवाज) यांच्या मधला काहीतरी होता.

आधी यात माझे आठ दिवस फुकट गेले. मागणीनुसार छापून देणाऱ्या एका कंपनीची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात ‘क्रोक’च्या जागी ‘क्लोक’ छापलंय. क्लोक म्हणजे झगा. त्या काळचा काही वाक्प्रचार असेल म्हणून मी आठवडाभर झगे धुंडाळत होते! १८५९ च्या मूळ आवृत्तीची पानं पडद्यावर मोठी करून पाहिली तेव्हा ‘आर’ स्वच्छ दिसला. यंत्रानं अक्षरं ओळखून छापलेल्या असल्या प्रतींवर विसंबू नका. पैसे वाचवा, मूळ पानांची छायाचित्रंच वाचा.

शब्द सापडला, पण खरी अडचण तिथून पुढे. पहिल्या खर्ड्यात मी ‘आवाज जरासा बसलेला होता’ असं लिहून मोकळी झाले होते. तुमच्यातल्याच एकीनं बोट ठेवलं : ‘ताई, हे लँगचं नाही, तुमचं आहे.’ बरोबरच होतं तिचं. मराठी माणसाच्या मनात लक्ष्मीबाईंची जी जागा आहे, ती सांभाळायला मी साहेबाच्या तोंडावर हात ठेवला होता. तो अनुवाद नव्हे.

दुसरा खर्डा : ‘पिरपिर आणि खरखर यांच्या मधला’. नादाला नाद जुळला म्हणून मी खूश. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘पिरपिर पोरं करतात गं, राणी कशी करेल?’ मग ‘घरघर’ घालून पाहिलं, पण घरघर म्हटलं की मराठीत माणूस मरणाला टेकलेलाच दिसतो. ‘चिरका’ चढा पडतो आणि क्रोक तर खालचा, घशातला. ‘केविलवाणा’ तर नकोच, त्यात वाचणाऱ्याची कीव आधीच ओतलेली असते. मोल्सवर्थ आणि कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पुढ्यात घेऊन कितीतरी संध्याकाळी बसले. त्या काळची भाषा कानात बसवायला त्याच्यासारखं साधन नाही, पण तिथला एकही शब्द या वाक्यात बसेना.

परवा भांडी आवरताना आई आपणहून बोलली. आजोबा गेले तेव्हा आजी दहाव्यापर्यंत स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळ्यांशी बोलायची. जमिनीचं काय, वाटणीचं काय, सगळं तिलाच ठरवायचं होतं. ‘तिचा आवाज तेव्हा नुसता रडका झाला होता. लोकांना वाटे बाई कटकट करतेय.’

रडका! या शब्दात दोन्ही आहे. ‘रडका मेला’ म्हणतो तेव्हाचा त्रासिकपणा आहे, म्हणजे लँगच्या कानाला जे खटकलं ते आहे. आणि खरोखर रडून झालेल्या बाईचं रडणंही त्यातच आहे. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये गेले, त्याला सहा महिनेही झाले नव्हते. ते मला वरून सांगावं लागत नाही, शब्दच सांगतो. आता ओळ अशी आहे :

‘या सगळ्यात उणं होतं ते आवाजात. रडका आणि घोगरा यांच्या मधलाच काहीतरी होता तो.’

रात्री पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचून पाहिली. हलत नाही, बसलीय.

आणखी एक छोटी जमेची बाजू. राणीच्या भेटीला जाताना लँगनं जोडे बाहेर काढायचे, मात्र हॅट डोक्यावरच राहील, या तडजोडीतली ती ‘वाइडअवेक’ हॅट. ती आता ‘रुंद काठाची काळी फेल्ट हॅट, वर पांढरा फेटा गुंडाळलेली’ अशी झालीय. वाचताना चित्र उभं राहतं.

‘मेरी झाँसी नहीं दूँगी’बद्दल अनेकांनी विचारलंय. लँगनं रोमन लिपीत छापलंय ते ‘मेरा झाँसी नहीं देंगी’. पेन्शन निषेध नोंदवून घेत राहा आणि वर दाद मागा, या त्याच्या सल्ल्यावरचं ते उत्तर आहे. मी ते दुरुस्त करणार नाही. परक्या कानानं ऐकलेलं वाक्य आहे, तसंच राहू दे. त्याचं मराठी करायचा मोह मात्र फार होतो, कारण तांब्यांच्या घरातली ही मुलगी घरात मराठीच बोलत असणार.

हे लिहितानाच एक सुचतंय. तिचं मराठी ऐकलेला माणूस आपल्याकडे आहेच : सत्तावन्नच्या बंडातल्या आपल्या प्रवासाची हकीगत ‘माझा प्रवास’मध्ये लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी ती त्यांना म्हणते, ‘मी अर्धा शेर तांदुळाची धनीण’. लँगचा हिंदुस्थानी आवाज आणि गोडसे भटजींचा मराठी आवाज समोरासमोरच्या पानांवर का छापू नयेत? चार वर्षांच्या अंतरानं भेटलेले दोन परके प्रवासी, एक सिडनीजवळच्या पॅरामॅटाचा, एक पेणकडचा. म्हणजे यानंतर लँगच्याच ‘बॉटनी बे’ या पुस्तकातल्या ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या गोष्टी घेणार होते, त्या थांबतील. ज्यांनी त्यासाठी ऑस्ट्रेलियातले शब्द जमवून पाठवले, त्यांनी रागावू नये, वही जपून ठेवलीय.

आता पुन्हा ‘माझा प्रवास’ पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन. भटजी राणीच्या आवाजाबद्दल कुठे काही बोलतात का, ते आधी बघायचंय. कुणाला पान आठवत असेल तर कळवा.