तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात गडावरून माघारी कधी फिरायचं?

जून लागला की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "रविवारचा ट्रेक ठरलाय, ऑरेंज अलर्ट आहे, जायचं का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न निम्माच विचारलेला असतो. वर चढता येईल का, तर बहुतेक येईल. पण सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी चार वाजता ओलांडता येईल का? पावसाळ्यातल्या सह्याद्रीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या परतीच्या ओढ्याची.

आधी अलर्टचं बघू. हवामान खात्याचा रंग साधारण अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, पण डोंगरात जिल्हा एकसारखा भिजत नाही. पुणे शहरात वर्षभरात पडतो ७००-७५० मिलिमीटर, आणि महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. अरबी समुद्रावरून आलेला वारा हजार मीटरच्या भिंतीला धडकून वर चढतो आणि घाटमाथ्यावरच रिता होतो. म्हणून अंदाजात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाटभागाची वेगळी ओळ असते, ती वाचा. 'जोरदार' म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, 'अति जोरदार' ११५.६ पासून, 'अत्यंत जोरदार' २०४.५ पासून. आदल्या दिवशी किती पडला तेही बघा. मोजणी सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी होते. दोन दिवस झड लागून गेली असेल तर जमीन पाणी पीत नाही, आणि नंतरची साधी सरही थेट ओढ्याला येते.

बंगालच्या उपसागराच्या वायव्य भागात कमी दाब तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडमार्गे मध्य प्रदेशाकडे सरकत असेल, तर आपल्याकडचा पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि घाटात दोन-तीन दिवस पाऊस हटत नाही. असा अंदाज दिसला की मी तारीख बदलायला सांगतो. रेड असेल तर जाऊ नकाच. ऑरेंजमध्ये ओढा ओलांडावा लागणारी, नाळेची (कड्यांमधल्या अरुंद, खड्या खाचेतली) किंवा घळीतली वाट सोडून द्या. सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून, चढणारी वाट त्यातल्या त्यात बरी, वारा झेपणार असेल तर. निघायच्या सकाळी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघायचा, आणि वाटेवरच्या गावात विचारायचं, "वरच्या बाजूला रात्री कसा होता?" गावकरी नको म्हणाले तर तिथेच थांबायचं.

आता ओढा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ओढ्याचं पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पाणी त्यात उतरतं तो भाग, फक्त एक चौरस किलोमीटर धरा आणि तासाभरात ५० मिलिमीटर पडला असं समजा. झालं पाच कोटी लिटर. उघड्या कातळावरून त्यातलं निम्मं जरी खाली आलं तरी सेकंदाला सात हजार लिटर होतात. पाणलोट लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे हे पाणी पाव-अर्ध्या तासातही येऊन ठेपतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वरच्या पठारावर सर कोसळत असेल, असंही होतं.

म्हणून सकाळी ओढा ओलांडताना एक मिनिट द्या. काठावरचा एक ठळक दगड निवडा, पाणी त्याच्या कुठल्या रेषेला लागतंय त्याचा फोटो काढा. पुढे वाटेत पाऊस वाढला आणि वाट परत ओढ्याजवळ आली की पाण्याकडे नीट बघा. नितळ पाणी चहासारखं झालं, पालापाचोळा आणि काटक्या तरंगत यायला लागल्या, आवाज खळखळीचा घुमणारा झाला, यातलं एकही दिसलं तर लोंढा वरून निघालाय असं समजून काठ सोडून उंचावर जायचं. पात्राच्या मधल्या खडकावर उभं राहून फोटो काढणं तर कधीच नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती प्रवाहाच्या मधोमध अडकून. दोन्ही बाजूंनी पाणी वाढलं की काठ चार हातांवर दिसत असूनही गाठता येत नाही.

ओलांडायचंच असेल तर गुडघा ही हद्द. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे वेगाच्या पाण्यात गुडघ्याखालीही पाय उचलला जातो. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, पडलात तर ती झटकन टाकता यायला हवी. बूट काढू नका. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, हातात काठी, एका वेळी एकच पाय हलवायचा. पात्र जिथे रुंद आणि उथळ आहे तिथून जा. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं. खालच्या अंगाला धबधबा असेल तर विषयच संपला. आणि कमरेला दोर बांधून कुणाला पाण्यात सोडू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

खरं तर यावरचा उपाय सोपा आहे: थांबायचं. जसं पटकन चढतं तसंच छोट्या ओढ्याचं पाणी पाऊस ओसरल्यावर दोन-तीन तासांत उतरतं.

धुक्याचं वेगळं. "वाट चुकलात तर पाण्याच्या कडेने उतरा, गाव लागतं" असं सांगणारे खूप भेटतात. सह्याद्रीत हे कृपा करून करू नका. हा डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. प्रत्येक थराला कडा, आणि ओढा तो कडा उडी मारून उतरतो. पाण्यामागे गेलात की धबधब्याच्या माथ्यावर पोचता, आणि निसरड्या कातळावरून परत वर चढता येत नाही. धुकं उतरलं की जागच्या जागी थांबा, शेवटची खात्रीची खूण आठवा आणि तिथपर्यंतच मागे जा. धुकं बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं उघडतं, तेवढ्यात दिशा धरता येते. पठारावर ढोरवाटा मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात आणि कड्याच्या टोकाला नेऊन सोडतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी काठावरचं गवत मातीच्या आधारावर असतं, खाली कातळ असेलच असं नाही.

विजांचा काळ भर आषाढाचा नाही. वळवाच्या पावसात, एप्रिल-मे महिन्यांत, आणि हस्ताच्या पावसात दुपारनंतर धोका जास्त. त्या दिवसांत दोनच्या आत माथा सोडलेला असावा. 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं, पण रेंज नसेल तर मोजा: चमकल्यापासून गडगडेपर्यंत तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराची धार, बुरूज, ध्वजस्तंभ, रेलिंग आणि कळसूबाईवर आहेत तशा लोखंडी शिड्या सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. गुहेच्या तोंडाशी बसणं धोक्याचं, वीज छतापासून जमिनीपर्यंत तिथेच उडी घेते. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब.

थंडीला आपल्याकडे कुणी मोजत नाही. १८-२० अंश, भिजलेली जीन्स आणि खिंडीतला वारा एवढं पुरतं. बोलणं अडखळायला लागलं, पाय लटपटायला लागले की त्या माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. काकडणं आपोआप थांबलं आणि माणूस गप्प झाला तर ते बरं होणं नव्हे. लगेच ११२ ला फोन करा. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड प्रत्येकाकडे हवाच.

उरला वेळेचा हिशोब. माघारी फिरायची वेळ पायथ्यालाच ठरवा, साधारण दुपारी एक, मग माथा अर्ध्या तासावर असला तरी. ओढ्याकाठी थांबायला तीन तास हाताशी लागतात आणि अंधारही पडायला नको. शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. गाडी ठरवली असेल तर चालकाला सांगून ठेवा की उशीर होऊ शकतो. गावात रात्री टेकायची सोय आहे का, हे सकाळीच विचारून ठेवा. आणि घरी "सहापर्यंत येतो" असं सांगू नका. "पाऊस वाढला तर रात्री दहा वाजतील, कदाचित उद्या सकाळ होईल, आणि सकाळी नऊपर्यंत फोन आला नाही तर या या गावात विचारा," असं सांगून निघा.